संध्यामावशी बर्फ वापरत नाहीत

संध्यामावशींसमोर कुणी माशाचं नाव काढलं, की त्या आधी एकच विचारायच्या, "बर्फातला का?"

प्रश्न दोन शब्दांचा, पण सांगून आलेल्या स्थळाबद्दल "मुलगा पितो का?" विचारावं तसा सूर. समोरचा "हो" म्हणाला, की मावशींचा खालचा ओठ अर्धा इंच पुढे यायचा आणि विषय तिथेच मिटायचा. दक्षिण फ्लोरिडातल्या मराठी मंडळात हा ओठ इतका प्रसिद्ध झाला होता, की पिकनिकला पापलेट तळून आणणाऱ्या इलाकाकू डबा उघडायच्या आधीच हात जोडायच्या. "मावशी, फ्रोजन आहे हं. पण मनापासून केलंय."

"केलं असंल ना बाई. मी कुठं काई म्हनून राहिली?"

म्हणून तर काहीच राहिल्या नव्हत्या. ओठ मात्र आला होता.

या ओठामागे तीस वर्षं होती. भंडाऱ्याच्या बाजारात संध्याबाई दिघोरे मरळ विकायच्या, आणि तीसुद्धा जिवंतच. मरळ हा मासा मोठा चिवट. पाण्यावर तोंड काढून हवा पितो, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला तर अर्धा दिवस कुरकुर न करता पडून राहतो. गिऱ्हाईक आलं की मावशी पोतं बाजूला सारायच्या, शेपटीवर टिचकी मारायच्या, मासा फाडकन उसळायचा आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे. "पाहा," मावशी म्हणायच्या, "तुमच्यापेक्षा चपळ आहे." मेलेली मरळ त्यांनी पाटीत ठेवली नाही. एखादी मेलीच, तर घरी न्यायच्या आणि नवऱ्याला, म्हणजे पोस्टमन एकनाथरावांना, खाऊ घालताना सांगायच्या, "आज मालात खोट होती, म्हनून तुमाले."

त्याच पाटीवर मुलगी राधिका नागपूरला जाऊन फार्मसिस्ट झाली, तिथून अमेरिकेत आली, आणि एकनाथराव गेल्यावर चार वर्षांनी आईलाही घेऊन आली. मावशी तेव्हा बासष्ट वर्षांच्या.

घर फोर्ट लॉडरडेलच्या पश्चिमेला. मागच्या दारी हिरवळ, हिरवळ संपली की कालवा. कालव्यात बदकं, काठावर मोठ्या सरड्यांसारखे इग्वाना, आणि वर असं ऊन, की मावशी म्हणाल्या, "हे तं मे महिन्यातलं भंडाराच आहे, फक्त धूळ झाडून ठेवली." पण घरात त्यांचा जीव रमेना. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी मुलीला समोर बसवलं.

"भांडे मशीन घासते. कपडे मशीन सुकवते. झाडू आपला आपला फिरते. मी काय करू, बटनं पाहत बसू? सहा महिने पाहीन राधिका. हाताले काम नाई लागलं, तं माहं तिकीट काढजा."

"अगं आई, आराम कर ना आता!"

"आराम करून करून माहे हात दुखून राहिले."

काम लागलं ते जावयामुळे, आणि तेही त्याच्या मनात नसताना.

जावई शंतनू कोथरूडचा. विमा कंपनीचं सॉफ्टवेअर घरी बसून सांभाळायचा आणि शनिवारी बास धरायचा. बास म्हणजे इथला गोड्या पाण्यातला लाडका मासा, रुंद तोंडाचा, हिरवट अंगाचा. त्याच्यासाठी शंतनूकडे सात काठ्या होत्या आणि एक भलीमोठी पेटी. पेटीत रबरी गांडुळं, रबरी बेडूक, चकाकणाऱ्या चकत्या. प्रत्येक खणावर लेबल, लेबलवर तारीख. बोलायचाही तसंच, खण पाडून. "हे बघा आई, मुद्दा असा आहे. एक, पाण्याचं तापमान. दोन, वाऱ्याची दिशा. तीन..." तिसरा मुद्दा येईपर्यंत मासा शेजारच्या गावी गेलेला असायचा.

एका शनिवारी मावशी त्याच्याबरोबर काठावर जाऊन बसल्या. दोन तासांनी शंतनूला एक बास लागला. त्यानं तो हळुवार वर घेतला, फोटो काढला, वजन केलं, फोनमध्ये लिहिलं, आणि पाण्यात सोडून दिला.

मावशी उभ्याच राहिल्या. "सुटला?"

"नाही, सोडला."

"काहून?"

"हे बघा आई, हा स्पोर्ट आहे. धरायचा आणि सोडायचा."

"माशाले इचारलं का, तो खेळून राहिला का म्हनून?"

शंतनूनं काठीला नवं गांडूळ अडकवायला घेतलं. तेवढ्यात मावशींनी त्याच्या पेटीतून रबरी बेडूक उचलला, दाबून पाहिला आणि विचारलं, "हा एकच कामाचा दिसते. मी टाकू का?"

"टाकाल हो, पण लायसन्स लागतं." शंतनू नियमाचा पक्का माणूस. त्यानं त्याच रात्री जेवणं व्हायच्या आत सासूबाईंचं लायसन्स काढलं आणि सहज म्हणून प्लॅस्टिकचं कार्डही मागवलं. दहा दिवसांनी टपालातून ते आलं. वर उडी मारणारा बास, खाली नाव: संध्या एकनाथ दिघोरे.

मावशींनी ते कार्ड उन्हात धरून पाहिलं, मग सावलीत धरून पाहिलं. त्यांच्या माहेरच्या गावी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात सभासदांचा बोर्ड होता. सतरा नावं, सगळी पुरुषांची. आधी त्यांच्या बापाचं, मग भावाचं. मरळ तलावाच्या कुठल्या कोपऱ्यात बसते, हे विचारायला मात्र सतराच्या सतरा जण संध्याकडे यायचे. "त्याच्यातल्या नऊ जनांले तं पोहता येत नव्हतं," मावशी राधिकेला हसत हसत सांगायच्या. पण कार्ड आलं त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते छोट्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलं. मग कुरिअरवाल्याला दाखवलं. गवत कापायला येणाऱ्या माणसाला दाखवलं. समोरून चालत आलेल्या बदकालाही दाखवलं.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. राधिकेनं एकदा शंतनूच्या कानात म्हटलं, "ते कार्ड आहे ना, तोवर आई इथे आहे." हे मावशींनी ऐकलं, आणि त्यांना ते खरंच वाटलं.

"फक्त एक," शंतनू म्हणाला. "नियम मोडला तर हे परत घेऊ शकतात हं, आई."

"तीस वर्षं बाजारात बसली मी. काट्यात एक ग्राम खोट नाई. मी कायले मोडतो नियम?"

सकाळी सातला मावशी काठावर. सुती साडी, वर शंतनूचं जुनं खिशांचं जॅकेट, पायात जांभळे क्रॉक्स. बेडूक पाण्यावर असा नाचवायच्या, टुपुक, टुपुक, थांब, टुपुक, की बघणाऱ्याला वाटावं याला आता घरी काहीतरी आठवलं. आठवड्यात त्यांनी जितके बास धरले तितके शंतनूच्या फोनमध्ये दोन महिन्यांत नव्हते. तो रोज संध्याकाळी "नवशिक्याचं नशीब" असं म्हणत बेडकाच्या खणावरचं लेबल पुन्हा वाचायचा.

मग एप्रिलात एका सकाळी पाण्यावर एक तोंड आलं. हवेचा एक घोट घेतला आणि खाली गेलं. एवढंच. मावशींच्या हातातला चहा साडीवर सांडला.

"शंतनूराव! अवो शंतनूराव! मरळ!"

शंतनू हेडफोन गळ्यात घेऊनच धावत आला. फोनवर शोधलं. मरळच होती. इथे तिला स्नेकहेड म्हणतात, आणि हे नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. कुणीतरी कधीतरी आणून कालव्यात सोडली होती, आता तिचा वंश सगळ्या कालव्यांतून पसरला होता आणि इथल्या माशांची पिल्लं मटकावत होता.

"हे बघा, मुद्दा असा आहे. ही इन्व्हेजिव. बाहेरची. सापडली तर परत पाण्यात सोडायची नाही."

"मरळ आनि परत सोडीन? मी काय तुमी आहो का?" मावशी म्हणाल्या. मग पाण्याकडे बोट करून, "आनि तो तुमचा मोरावानी रंगाचा बास? तो तं इथला नोहोय म्हनलं होतं तुमी."

"पीकॉक बास. तो वेगळा. तो सरकारनंच आणून सोडला, बाकीच्या बाहेरच्या माशांना खायला."

"म्हनजे त्याले आवतन होतं."

"हो, तसंच."

"बिचारी मरळ," मावशी म्हणाल्या, आणि बेडकाची गाठ घट्ट केली.

शंतनू ज्या मासेमारी क्लबात जायचा, त्यांची मे महिन्यात स्पर्धा होती. बाहेरचे मासे धरून आणायचे, सगळ्यांत वजनदार त्याला बक्षीस. शंतनूनं जोडीचं नाव दिलं, स्वतःचं आणि सासूबाईंचं, आणि टेबलाशी बसून नियम वाचून दाखवले. "नियम चार. मासा मेलेला आणि बर्फावर ठेवलेला असावा."

मावशींनी हा नियम नीट ऐकला, तो त्यांना नीट कळला, आणि त्यांनी त्याचा नीट विचारही केला. त्यांच्या हिशेबानं हा नियम होता गरिबांसाठी. ज्याला मासा जिवंत राखता येत नाही, त्याचीही सोय केलेली. मेलेला चालतो म्हणतात, मग जिवंत आणला तर दोन्ही हातांनी घेतील! बाजारात कुणी कधी म्हटलंय का, बाई, ही फार ताजी आहे, जरा मारून शिळी करून द्या?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मरळ लागली. शंतनू मीटिंगमध्ये, राधिका दुकानावर. पंधरा मिनिटं ओढाताण चालली. शेवटी जांभळे क्रॉक्स चिखलात रुतवून मावशींनी ती काठावर घेतली. हातभर लांब, वर अजून वीतभर. शेपटीपाशी नारिंगी कड्याचा काळा डोळा. मावशी तिच्याशेजारीच गवतात बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "कुठची गं तू? वैनगंगेची का गोसीच्या धरनाची?"

मरळीनं फाडकन शेपटी मारली.

"मिजास तं भंडाऱ्याचीच आहे."

संध्याकाळी शंतनूनं विचारलं, "कूलरमध्ये बर्फ टाकला ना?" "टाकला," मावशी म्हणाल्या. टाकला होताच. नंतर काढून जास्वंदीला घातला, हे त्यानं विचारलं नाही. मरळ पाहुण्यांच्या बाथरूममधल्या टबात होती, आणि बाथरूमच्या दाराबाहेर मावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आई, तिथे का बसलीस?" राधिकेनं विचारलं.

"हवा चांगली येते इथं."

सकाळी कूलरमध्ये दोन बोटं पाणी, त्यावर ओला टॉवेल, त्यात मरळ. झाकण मावशींनी स्वतः लावलं.

गाडी फ्रीवेला लागली आणि पाचव्या मिनिटाला मागून आवाज आला. धप्प.

शंतनूनं आरशात पाहिलं. "टायर?"

"नाई."

धप्प. धप्प धप्प.

"काहीतरी सैल झालंय मागे. थांबून बघू का?"

"काई सैल नाई झालं. लय टाइट आहे ते." मावशींच्या आवाजात अभिमान मावेना. "जित्ती आहे!"

गाडी जराशी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग परत आपल्या लेनमध्ये आली. शंतनूचे सगळे मुद्दे एका दमात निघाले. "आई, जिवंत स्नेकहेड जवळ बाळगणं गुन्हा आहे, गाडीतून नेणं तर त्याहून मोठा गुन्हा आहे, आणि तिथे वन्यजीव खात्याची ऑफिसर असते, प्रत्येक वर्षी असते, टेबलाशेजारीच बसते!"

"गुन्हा? माशाले जिवंत ठेवनं?"

"हो!"

"आनि मारनं?"

"मारणं चालतं!"

मावशींनी गळ्यातलं पाकीट मुठीत धरलं. पुढचे तीन मैल गाडीत फक्त मरळ बोलत होती.

शंतनूचा बेत असा, की पार्किंगच्या टोकाला गाडी लावायची, मावशींनी मागच्या मागे माशाच्या डोक्यात एक हाणायची, आणि कुणाला काही कळायच्या आत टेबलावर. बेत वाईट नव्हता. पण पार्किंगच्या टोकालाच ड्वेन उभा होता.

ड्वेन क्लबचा अध्यक्ष. सत्तरीचा, पोट पुढे, टोपी मागे. "टेल-या-व्हॉट", म्हणजे "सांगू का", हे त्याच्या बोलण्याचं स्टार्टर. ते दोनदा फिरवल्याशिवाय त्याचं वाक्य चालू होत नसे, आणि एकदा चालू झालं की प्रत्येक शब्द उन्हात वाळत घातल्यासारखा लांब व्हायचा. "टेऽऽल-या-व्हॉट, मॅऽऽम, तुम्ही बसाऽऽ, मी उचलतो." शंतनू "नो नो नो" म्हणत गाडीला वळसा घालून येईपर्यंत ड्वेननं कूलर उचलून जमिनीवर ठेवला होता आणि, बघू तरी, म्हणून झाकण उघडलं होतं.

मरळीनं सकाळपासून एवढ्याच संधीची वाट पाहिली असावी. टॉवेलसकट बाहेर आली. टॉवेल ड्वेनच्या बुटावर पडला आणि ती डांबरावर उतरून, सळसळ सळसळ, थेट वजनाच्या टेबलाकडे निघाली, जशी काही स्वतःच नाव नोंदवायला.

बासला घाबरणारा माणूस क्लबात कुणी नव्हता. मगरीच्या शेजारी बसून सँडविच खाणारी ती माणसं. पण स्नेकहेडच्या गोष्टी सांगून सांगून त्यांनी एकमेकांना इतकं तयार केलं होतं, की एक जण बाकावर चढला, दोघं ट्रकच्या मागच्या भागात चढले, आणि ड्वेन सगळ्यांना "शांत राहाऽऽ" सांगत स्वतः कूलरवर चढला.

मावशींनी पदर खोचला. चार पावलांत मरळ गाठली, ओल्या टॉवेलनं मानेमागे दाबून धरली आणि मोकळा हात मागे केला. "लाकूड द्या."

शंतनूनं टेबलावर दिसलं ते दिलं. अध्यक्षांची लाकडी हातोडी होती ती, सभा सुरू करायची. मावशींनी एकच मारली. मरळ शांत झाली. सभासुद्धा.

टेबलाशेजारून खात्याची ऑफिसर उठली. ओर्तेगा नाव, वय तिशीच्या आत, गॉगल टोपीवर, आणि आवाज विमानतळावरच्या घोषणेसारखा, सपाट. "हा मासा कोणाचा?"

ड्वेन कूलरवरून उतरला. "टेल-या-व्हॉट, ऑफिसर, हे मासे कधी कधी मेले असं वाटतं आणि मग..."

"हा मासा कोणाचा?"

"माझा," शंतनू म्हणाला. घाम त्याच्या हनुवटीवर आला होता.

मावशींना इंग्रजी फार येत नसलं, तरी कोण कोणाचा माल आपला म्हणतो आहे, एवढं कुठल्याही भाषेत कळायचं. त्यांनी गळ्यातलं पाकीट काढलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि छातीवर बोट ठेवलं. "माय फिश."

ओर्तेगानं कार्ड उचललं. "जिवंत का होता?"

शंतनूनं विचारलं. मावशी सांगू लागल्या. भंडाऱ्याचा बाजार सांगितला, ओलं पोतं सांगितलं, शेपटीवरची टिचकी करून दाखवली, मागे सरकणारं गिऱ्हाईकही करून दाखवलं, पाण्याचा टब सांगितला, टॉवेल कुठला वापरला तेही सांगितलं. चार मिनिटं झाली. थांबल्या.

शंतनू ऑफिसरकडे वळून म्हणाला, "त्यांना माहीत नव्हतं."

मावशींची भुवई वर गेली. "एवढंच? मी इतकी बोलली, आनि तुमचं एवढंच?"

"आई, प्लीज. यातच वाचायचा चान्स आहे."

"काय सांगितलं तुमी?"

"तुम्हाला नियम माहीत नव्हता, असं."

"माहीत होता ना मले! तुमीच वाचून दाखवला होता, नियम चार!"

"हळू बोला!"

"हळू कायले? मालात खोट असली तं मी स्वतः गिऱ्हाइकाले सांगत होती. सांगा त्यांले. मेलेला पाह्यजे हे माहीत होतं. मले वाटलं, जिवंत आनली तं जास्त चांगलं. मी चुकली. कार्ड घ्याचं असंल तं घ्या म्हना. पन मले काई माहीत नव्हतं, असं नका सांगू. माशाबद्दल मले काई माहीत नव्हतं, असं आजपर्यंत कोनी बोललं नाई."

ओर्तेगाचं कार्ड धरलेलं बोट हललं नाही. "त्या काय म्हणाल्या?"

शंतनूनं एकदा सासूबाईंकडे पाहिलं. कार्डाकडे पाहिलं. आणि मग, आयुष्यात प्रथमच मुद्दे न पाडता, त्यानं सगळं सांगितलं. बाजार, पोतं, तीस वर्षं, बोर्डावरची सतरा नावं, नियम चार, टब. टिचकीसुद्धा मारून दाखवली, फक्त ती चुकून ड्वेनच्या दंडाला लागली. बाकावरचा माणूस खाली उतरून जवळ आला. ट्रकमधले दोघं ट्रकमध्येच राहिले, पण कान इकडे. मावशी कार्डावरून नजर हलवत नव्हत्या.

सांगून झालं. ड्वेननं टोपी पुढे घेतली. "टेल-या-व्हॉट. टेल-या-व्हॉट." इंजिन दोनदा फिरलं, पण पुढे चालू होईना. शेवटी म्हणाला, "अकरा वर्षं हे टेबल मांडतोय. याच्याहून ताजा मासा आला नाही."

"मिस्टर ड्वेन," ओर्तेगा म्हणाली, "मदत करू नका."

ती खाली बसून लिहू लागली. लिहायला तिला फार वेळ लागला, निदान मावशींना तसं वाटलं. मग कागद फाडला. आवाज तसाच सपाट. "ही लेखी ताकीद. दंड नाही. मासा स्पर्धेतून बाद. पुढची स्नेकहेड पाण्याबाहेर आली, की तिथल्या तिथे मारायची. घरी नेऊन नाही, टबात ठेवून नाही, पाच मिनिटांनी नाही. पुन्हा जिवंत दिसली, तर मी हे कार्ड घेणार. कळलं?"

शंतनूनं सांगितलं.

"तिथल्या तिथे," मावशी म्हणाल्या. मासा जिवंत राखायची सवय आता मोडायची होती. ओल्या पोत्याची तीस वर्षं होती ती. "बरं. तिथल्या तिथे."

ओर्तेगानं कार्ड पुढे केलं. मावशींनी ते पदराला पुसून पाकिटात घातलं आणि पाकीट दोनदा चाचपलं. मग त्यांनी विचारलं, "मासा बाद, म्हनजे तुमाले नको ना?"

"मेलेला आहे. तुम्ही नेऊ शकता."

"तं मंग चला शंतनूराव, उभे काय राहिले? तो मेला आहे! आता एकेक मिनिट जाऊन राहिला!"

ड्वेननं मागे धावत येऊन फक्त बघायचं म्हणून वजन केलं. अकरा पौंड सहा औंस. त्या दिवशी पहिलं आलं ते दोन पौंडांचं टिलापिया, आणि बक्षीस घेताना त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं होतं म्हणतात.

राधिकेला सगळं कळलं ते संध्याकाळी, रस्सा वाढताना. "आई, अगं कार्ड गेलं असतं ना!"

"गेलं असतं तं गेलं असतं," मावशी म्हणाल्या. "खाय. काटा पाहून खाय." पण त्या रात्री पाकीट नेहमीसारखं उशाशी नव्हतं, गळ्यातच होतं.

अडचण पुढच्या आठवड्यात सुरू झाली. मावशी शब्दाच्या पक्क्या. मरळ काठावर आली की तिथल्या तिथे, म्हणजे तिथल्या तिथे. पण मेलेला मासा ठेवायचा नाही, हेही त्यांचं पक्कं. बर्फाचं तर नाव काढायचं नाही. दोन्ही नियम एकदम पाळायचे, तर एकच वाट उरत होती. मासा मरण्याच्या आधी मसाला तयार हवा.

मंगळवारी साडेदहाला शंतनू कंपनीतल्या बारा माणसांसमोर पडद्यावर आकडे दाखवत होता. फोन वाजला.

"शंतनूराव, लागली. मसाला वाटाले घ्या."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मी बी तिच्यासंगं मीटिंगमध्येच आहो. जोरात आहे, दहा मिनिटात काठावर येईल. मंग मले मारा लागते, कायदा आहे. मेल्यावर मी थांबत नाई. खोबरं भाजलं का?"

शंतनू लॅपटॉपसकट स्वयंपाकघरात गेला. बारा माणसांनी आधी कांद्याची चुरचुर ऐकली, मग खोबरं, मग मिक्सर. शंतनूच्या साहेबानं विचारलं, "सगळं ठीक आहे ना? काय आवाज आहे हा?"

"हे बघा, मुद्दा असा आहे," शंतनू ओरडून म्हणाला, कारण मिक्सर चालू होता. "एक..."

फोनवर मावशी. "खसखस घातली का? आनि लसूण मोजू नका हो, टाका मूठभर!"

असं दोनदा झालं आणि दोन्हीदा पाण्यातून ताटात मरळ चाळीस मिनिटांच्या आत आली. शंतनूनं आता दर मंगळवारी आणि गुरुवारी साडेदहा ते अकरा कॅलेंडरवर वेळ राखून ठेवली आहे. कारणाच्या जागी "घरगुती" लिहिलेलं असतं. तिसऱ्या खेपेला त्यानं सगळं अगदी वेळेत केलं. कांदा खरपूस, खोबरं लालसर, वाटण गोळा होऊन तयार, कढईत तेल तापलेलं. झारा हातात घेऊन तो मागच्या दाराशी उभा राहिला आणि फोन वाजला.

"आली का आई?"

"सुटली," संध्यामावशी म्हणाल्या. "अंडे उकडाले टाका."